नारळाचं दूध

अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरातलं मटण आणि शेजारच्या घरातलं मटण, नुसत्या वासावरून वेगळं ओळखणं मला कधी जमलेलं नाही. तेच आलं-लसूण, तीच कोथिंबीर, तेच नारळाचं दूध. मांसाला दूध-दही लावायचं नाही हा ज्यू धर्माचा कडक नियम. उत्तरेकडे वस्ती झाली असती, तर दह्यातुपाच्या मुलखात तो रोज टोचला असता. कोकणात नारळाने त्याची धार बोथट केली.

कोळंबी आणि कुर्ल्यांना मात्र नारळाकडेही उपाय नाही. खवले आणि पर नसतील ते वर्ज्य. समुद्रकाठी राहून पिढ्यान्‌पिढ्या कोळंबीकडे पाठ फिरवायची! माझ्याच्याने झालं नसतं.

मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. त्याआधी खेड्यापाड्यांत धर्म उरला होता तो शनिवारी बंद राहणाऱ्या तेलाच्या घाण्यांत (गाव त्यांना शनिवार तेलीच म्हणायचं) आणि चुलीपाशी. सणांची काही जुनी नावंही स्वयंपाकघरातलीच. जेरुसलेमचं मंदिर पडलं, त्या शोकाचा दिवस म्हणजे बिरड्याचा सण. हजारो मैलांवरचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं दुःख, आणि त्याची आठवण सोललेल्या वालांकडे! नव्या वर्षाला चिकाचा हलवा. गहू भिजवून, वाटून चीक काढायचा, नारळाच्या दुधात शिजवायचा आणि हात भरून येईस्तोवर ढवळत राहायचं. दूध नारळाचं, त्यामुळे मटणाच्या पंगतीतही तो चालतो.

सगळ्यांत लाडका मलिदा. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. लग्नकार्य असो की फेडायचा नवस, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन मलिद्याचं ताट मांडायचं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा. प्रार्थना संपेपर्यंत पोरांनी ताटाला हात लावायचा नाही. काजू तेवढे कमी होतात.

१९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. दिमोना, लोद, अश्दोदमध्ये मलिदा अजून होतो. तिकडे गेलेल्या एका मावशींचं म्हणणं, पोहे पातळच हवेत. इकडे राहिलेल्या त्यांच्या जाऊबाई जाड पोह्यांवर ठाम आहेत, आणि फोनवर हा वाद अजून चालू आहे.