मेक्सिको सिटीच्या भिंतीवर भेटले आपले खानखोजे

मेक्सिको सिटीला जाणार असाल तर एक अख्खी सकाळ तिथला चित्रकार दिएगो रिवेरासाठी ठेवा. सोकालो चौकातून कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला दहा मिनिटं चाललं की शिक्षण खात्याची जुनी इमारत लागते, आता तिथे म्युरल्सचं, म्हणजे भिंतीवरच्या चित्रांचं, म्युझियम केलंय. १९२३ ते १९२८ रिवेरा इथे परांचीवर बसून काम करत होता, म्हणजे ओला चुना सुकायच्या आत रंग लावायचा, सुरुवातीला रंगात निवडुंगाचा रसही घालून बघितला त्याने. खाणकामगार, ऊसतोडणी, जत्रा, सगळं भिंतीवर, कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ते कळलं पाहिजे. कम्युनिस्ट पक्षात १९२२ ला गेला, १९२९ ला पक्षाने काढलं, तरी चित्रातला कामगार काही सुटला नाही.

बरेच लोक तळमजला बघून दमतात आणि निघतात, प्लीज तसं करू नका, आधी सरळ दुसऱ्या मजल्यावर जा. तिथे भिंतभर एक लाल पट्टी फिरते, तिच्यावर मेक्सिकोच्या क्रांतीच्या गाण्याच्या ओळी आहेत, तिच्या मागे मागे जात 'एल पान नुएस्त्रो' शोधा, म्हणजे आमची भाकर. (पान म्हणजे पाव, आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, दोन्ही शब्दांचं मूळ एकच.) टेबलाशी सगळे जमलेत आणि मधोमध पाव मोडणारा जो माणूस आहे ना, ते वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे! गदर पार्टीचे क्रांतिकारक, इंग्रजांमुळे घरी परतता येईना, म्हणून मेक्सिकोत मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. मी त्या हातांकडे किती वेळ बघत होते माहीत नाही, डोळे भरून आले. इतक्या लांब, कुणी ओळखत नाही, आणि आपला माणूस सगळ्यांना वाटून देतोय.

सोमवारी जाऊ नका, तिकडची बहुतेक म्युझियम्स बंद असतात. शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, पहिल्याच दिवशी जिने चढू नका, धाप लागते. फ्लॅश बंद ठेवा.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी चापिंगो कराच, तेश्कोकोजवळ, शहराच्या पूर्वेकडच्या बस स्टँडवरून गाड्या मिळतात. खानखोजे तिथल्याच शेतकी कॉलेजात शिकवायचे आणि तिथलं अख्खं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, रिवेराने रंगवलंय. चॅपल उघडं असण्याच्या वेळा आधी विचारून घ्या, आणि पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवा.