हजारात तीन

ठाण्याच्या पाचपाखाडीतील आमच्या प्रयोगशाळेत सकाळी सात ते नऊ ही उपाशीपोटी साखर तपासायला येणाऱ्यांची वेळ असते. त्या शनिवारी त्यांच्या रांगेत सायकलिंगच्या घट्ट जर्सीतला एक बावीस वर्षांचा मुलगा बसला होता. त्याला मी ओळखत होते, कारण त्याचे वडील दर तीन महिन्यांनी साखर तपासायला येतात आणि सुई टोचली जात असताना मुलगा येऊरचा चढ किती मिनिटांत चढला हे मला आवर्जून सांगतात. एका खासगी संघाच्या निवडीसाठी त्याला रक्ताचा अहवाल हवा होता.

यंत्राने हिमोग्लोबिन १७.६ आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण, ५२ दाखवले. आठ महिन्यांपूर्वीच्या त्याच्याच अहवालात हे आकडे १४.६ आणि ४४ होते. असे काही दिसले की आधी आपलेच हात तपासावेत, ही आमच्या कामाची शिस्त आहे. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला होता का, मुलगा घामाने कोरडा पडून आला होता का, यंत्र तर बिघडले नाही ना, हे सगळे पाहिले. काचेच्या बारीक नळीत रक्त भरून ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, तरी ५२च. मग रक्त निळ्या रंगात मिसळून काचपट्टी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेटिक्युलोसाइट मोजायला बसले. अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या या तांबड्या पेशी असतात आणि त्यांच्या पोटात निळ्या धाग्यांची जाळी दिसते. निरोगी माणसात हजार पेशींमागे साधारण पाच ते वीस सापडतात. मला हजारात तीन सापडल्या.

रक्त एवढे दाट आणि नव्या पेशींची आवक मात्र जवळजवळ बंद, ही जोडी मला अस्वस्थ करणारी होती. डायलिसिसच्या रुग्णांना देतात ते एरिथ्रोपॉएटिन बाहेरून टोचले की मज्जा जोमाने पेशी बनवते. ते थांबवले की शरीर स्वतःचे उत्पादन आवरते घेते आणि नेमके हेच चित्र उमटते. उंच प्रदेशातून खाली आल्यावरही काहीसे असेच होते, म्हणून मी त्याला फोन करून विचारले, "मनाली-लडाखकडे गेला होतास का?" तो म्हणाला, "नाही मॅडम, ठाण्यातच होतो. पण पन्नासच्या आत दाखवता येईल का?"

हा पन्नासचा आकडा त्याच्या कानावर कुठून आला असेल, याचा अंदाज मला आला. एरिथ्रोपॉएटिन ओळखणारी चाचणी हाती नव्हती तेव्हा, १९९७ मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने पुरुषांसाठी हिमॅटोक्रिटची मर्यादा ५० ठरवली होती. मर्यादा पाळण्याऐवजी तिच्या जेमतेम आत कसे राहायचे हेच तेव्हा अनेक संघ शिकले. छोटी सेंट्रिफ्यूज सोबत बाळगणे, तपासणीच्या आधी सलाईन चढवून रक्त पातळ करणे, हे प्रकार पुढे उघडकीस आले. मी त्याला सांगितले की आकडा बदलता येणार नाही, शिवाय एवढ्या दाट रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो, तेव्हा डॉक्टरांना दाखव.

संध्याकाळी सहाला तो परत आला. पुन्हा तपासायचे म्हणाला आणि त्याने उजवा हात पुढे केला. सकाळी आम्ही डाव्या हातातून रक्त घेतले होते. त्याच्या डाव्या मनगटाच्या मागे मात्र आता कापसाचा नवा बोळा चिकटपट्टीने बसवलेला होता, आणि तो आमचा नव्हता. या वेळी हिमोग्लोबिन १६.१ आणि हिमॅटोक्रिट ४७.५ आले. पुन्हा काचपट्टी केली, पुन्हा हजार पेशी मोजल्या. पुन्हा तीन! सलाईनने रक्तातले पाणी वाढते, पण तांबड्या पेशींमधील नव्या पेशींचा वाटा बदलत नाही. महासंघाने २००८ मध्ये आणलेल्या जैविक पासपोर्टचा एक आधार हाच आहे. एका आकड्यावर विसंबण्यापेक्षा त्याच खेळाडूचे रक्त वर्षानुवर्षे स्वतःशीच ताडून पाहायचे.

"सलाईन कशासाठी घेतलीस?"

"उलट्या होत होत्या."

"आणि त्याआधी इंजेक्शने?"

"सरांनी दिली. व्हिटॅमिनची आहेत म्हणाले."

"फ्रीजमध्ये ठेवावी लागत होती का?"

त्याने खाली पाहिले आणि जर्सीची चेन वरखाली करत राहिला. मग हळूच म्हणाला, "फक्त संध्याकाळचाच रिपोर्ट द्या ना, मॅडम. तो काही खोटा नाही."

खरे होते ते, आणि म्हणूनच मला बोलायला क्षणभर वेळ लागला. मी वैद्यकीय महाविद्यालयात असताना आमच्यातील कित्येकांच्या मनगटावर अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा पिवळा रबरी पट्टा असे, माझ्याही होता. इतक्या चाचण्या दिल्या, कधी सापडलो नाही, हे त्याचे पालुपद आम्ही पुरावा मानत होतो. २०१२ मध्ये टूर दि फ्रान्स या सायकल शर्यतीची त्याची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली, तेव्हा अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल मी बराचसा वाचला. त्यातली एक गोष्ट इतर सगळ्या भानगडींपेक्षा मला जास्त लागली. १९९९ च्या टूर दि फ्रान्समध्ये त्याच्या लघवीत स्टेरॉइडचा अंश सापडला, तेव्हा सायकलच्या सीटमुळे झालेल्या जखमेवरच्या मलमाची, मागची तारीख घातलेली चिठ्ठी पुढे करण्यात आली. तारीख मागे नेणारा माणूस डॉक्टर होता.

मी दोन्ही नमुने एकाच अहवालात, वेळेसह छापले आणि खाली "रेटिक्युलोसाइट ०.३ टक्के, रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा" असे लिहून सही केली. आपल्याला शंका येते म्हणून निदान लिहिता येत नाही, आणि मुलगा सज्ञान असल्याने घरच्यांना कळवण्याचाही मला अधिकार नव्हता. पाकीट न घेताच तो निघून गेला.

सव्वा महिन्याने वडील साखर तपासायला आले. मूठ आवळून त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "त्याचा एक रिपोर्ट इथे राहिलाय, असं तुमच्या काउंटरवर सांगितलं. मी घेऊन जाऊ का?"

"त्याचा त्यालाच द्यावा लागतो, काका," मी म्हटले. "त्याला म्हणावं, मी अजून जपून ठेवलाय."

"सांगतो," ते म्हणाले, आणि मी मूठ सोडायला सांगितली तरी त्यांनी ती तशीच धरून ठेवली होती.