रतनवाडी : शिड्यांवरचा पाऊण तास

रतनगड हा ‘सोपा आणि निवांत’ किल्ला आहे, असे दादरहून रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडण्यापूर्वी आम्हांला तिघांनी सांगितले होते. त्यांपैकी ‘निवांत’ हा शब्द, निदान डिसेंबरातल्या रविवारपुरता, साफ खोटा आहे.

पहिला दणका जीपचा. कसाऱ्याला माणशी दर ठरला होता. वाटेत शेंडी गावात चहा झाल्यावर चालकाने शांतपणे सांगितले की तो दर शेंडीपर्यंतचाच असून, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या जलाशयाला वळसा घालून गडाच्या पायथ्याच्या रतनवाडीला जायचे पैसे वेगळे पडतील. पहाटे पाचला घासाघीस करण्याचे त्राण कुणातही नसते, हे तो जाणून होता. म्हणून जीपमध्ये बसण्यापूर्वीच ‘रतनवाडीच्या देवळापर्यंत, जाऊन-येऊन’ असे स्पष्ट वदवून घ्यावे.

प्रवरेच्या पात्रालगतची जंगलातली वाट उत्तम आहे. हरिश्चंद्रगडाकडे फुटणारा फाटा तेवढा सोडावा. खरी अडचण गणेश दरवाजाच्या खालच्या लोखंडी शिड्यांची आहे. त्यांवर एका वेळी एकच माणूस मावतो आणि चढणारे-उतरणारे समोरासमोर आले की दोन्हीकडची रांग थिजते. पाऊण तास आम्ही तिथे लटकलो होतो, पुढच्याच्या बुटाखालची माती माझ्या चष्म्यावर झरत होती आणि अभयारण्यात असूनही खालच्या कुणाच्या तरी पिशवीत स्पीकर कोकलत होता. सकाळी आठच्या आत शिड्या पार होणार नसतील, तर रविवारी जाऊच नये. पाठपिशवीला बाहेरून काहीही लटकवू नये. आमची एक बाटली दरीत गेली.

वर सव्वाचार हजार फुटांवरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, बसून अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई पाहताना राग बराचसा ओसरतो. उतरताना पुन्हा त्याच शिड्या नको असतील, तर त्र्यंबक दरवाजाने पलीकडच्या साम्रद गावाला उतरता येते, परंतु तेथील कातळातल्या पायऱ्या गुडघे मागतात आणि जीप साम्रदला बोलवायचे आधीच ठरवावे लागते. आम्ही ठरवले नव्हते.

गावातले अमृतेश्वराचे देऊळ मात्र चढाईपूर्वीच पाहावे. शिखरावरचे बारीक कोरीवकाम आणि पुष्करिणीच्या कोनाड्यांतील मूर्ती यांना सावकाश वेळ द्यायला हवा. आम्ही पायऱ्यांवर पोटऱ्या चोळत जेमतेम दोन कोनाडे पाहिले, तोच जीपवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली.