पाचरीचं जाड टोक

शनिवारी सकाळी साडेसहाला माळावर जायचं ठरलं होतं, आणि शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास विमान पहिल्यांदा पूर्ण जोडून उभं राहिलं. पायपर जे-३ कब, मूळ विमानाच्या एक चतुर्थांश मापाचं, रिमोटने उडवायचं. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 2.7 मीटर, वजन 7 किलोच्या जरा वर, नाकात 30 सीसीचं पेट्रोल इंजिन. पिवळं धमक, बाजूने काळी विजेची रेघ. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सहा मुलांनी सात महिने खपून ते किटमधून बांधलं होतं. मी तिथला इन्स्ट्रक्टर.

किट म्हटलं की लोकांना वाटतं, तयार तुकडे येतात, चिकटवले की झालं. या खोक्यातून निघाल्या होत्या बाल्सा या हलक्या लाकडाच्या फळ्या, प्लायचे कापलेले भाग, लाकडी पट्ट्या, तारा आणि टेबलाएवढा कागदी प्लॅन. पहिला आठवडा मी मुलांना नुसत्या फळ्या काट्यावर तोलायला लावल्या. एकाच मापाच्या दोन बाल्सा फळ्यांत एक दुसरीच्या दुप्पट भरते. जड असेल ती पुढे, हलकी असेल ती शेपटीला. कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब, त्यामुळे मागे 10 ग्रॅम वाढले की पुढे 25-30 ग्रॅम शिसं भरावं लागतं. त्या तोलण्याचं फळ त्या दिवशी मिळालं. बॅटरी थोडी पुढे सरकवली आणि सीजी, म्हणजे विमान तोलून राहतं तो बिंदू, प्लॅनवरच्या खुणेवर आला. शिशाचा एक कणही लागला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग पंखाचा कल मोजायला मी अँगल गेज लावला. डाव्या पंखाच्या मुळाशी 2 अंश, शेंड्याला 0.6. बरोबर. उजव्या पंखाच्या मुळाशी 2 अंश. शेंड्याला 3.4.

गेज काढला, पुसला, पुन्हा लावला. 3.4.

कबच्या पंखाला मुद्दाम पीळ दिलेला असतो. शेंड्याकडे पंख जरा खाली नाक करून बसतो, त्याला वॉशआउट म्हणतात. वेग कमी होऊन पंखाची उचल सुटायला लागते तेव्हा ती आधी मुळाशी सुटावी आणि शेंडे शेवटपर्यंत हवा धरून राहावेत, एवढ्यासाठी. शेंड्याला असलेले एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या फळ्या, तोवर काम करतात. आमच्या उजव्या पंखात पीळ बरोबर उलटा होता. उतरताना वेग पडला असता की त्या बाजूचा शेंडा आधी कोसळला असता, तेही जमिनीपासून चार-पाच मीटरवर. तिथून सावरायला जागा नसते.

उजवा पंख ज्या मुलाने बांधला होता तो तिसऱ्या वर्षाचा, नगरकडचा, घरी सुतारकाम. गेजचा आकडा त्याला पटेना. त्याने दोन सरळ पट्ट्या आणल्या, एक पंखाच्या मुळाशी आडवी ठेवली, एक शेंड्याजवळ, आणि गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून पाहिलं. त्याचे वडील दाराच्या फळीचा पीळ असाच बघतात. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "सर, पीळ आहे. मीच बांधलाय."

कारण शोधायला तासभर लागला, आणि सापडलं तेव्हा मलाच चटका बसला. प्लॅनवर फक्त डाव्या पंखाचं चित्र होतं. उजव्यासाठी कागदाला तेल लावायचं, तो पारदर्शक झाला की पालथा घालायचा आणि त्यावर बांधायचं. डावा पंख बांधताना आम्ही मागच्या कडेखाली एक लांब पाचर बोर्डला चिकटवली होती, मुळाशी शून्य आणि शेंड्याला 10 मिलिमीटर. मुलाने कागद पालथा घातला. त्याबरोबर शेंडा बोर्डाच्या डाव्या टोकाकडून उजव्या टोकाला गेला. पाचर होती तिथेच राहिली. तिचं जाड टोक आता मुळाखाली होतं.

त्या आठवड्यात मी परीक्षेच्या कामावर होतो. उजवा पंख मी पाहिला तो बोर्डवरून उठल्यावर, आणि तेव्हा सांधे तपासले, पीळ तपासला नाही. बोर्डवर पिना टोचलेल्या असतानाच तो बघणं हे माझं काम होतं. मुलांना मी हे तिथेच सांगितलं.

एकाने सुचवलं, हीट गनने कव्हरिंगची फिल्म आवळून पीळ काढू. छोट्या, उघड्या रिबांच्या, म्हणजे नुसत्या फासळ्यांच्या पंखाला हे चालतं. दुसऱ्याने जास्त अभ्यास केला होता. खऱ्या कबच्या पंखाला कापड असतं आणि त्याचा वॉशआउट मागच्या आधारदांडीची लांबी कमी-जास्त करून लावतात. आपल्याही दांड्या खऱ्याच आहेत, त्याच लांबवू. मुद्दा चांगला होता. पण आमच्या पंखाचा पुढचा भाग वरून-खालून 1.5 मिलिमीटर बाल्साने बंद केलेला होता. मी कागदाची नळी करून चिकटपट्टी लावली आणि त्याला पिळायला दिली. पिळेना. मग ब्लेडने ती लांबीत चिरली आणि परत दिली. दोन बोटांत वळली.

"बंद नळी दांडीने ढकलून बसवलीस तर ती ताण धरून ठेवेल," मी म्हटलं. "इंजिनच्या थरथरीत तो ताण एखाद्या सांध्यावर निघेल."

मग कोणी वाद घातला नाही. महिनाभर इस्त्री फिरवून बसवलेली पिवळी फिल्म सोलताना मात्र खोलीत कोणी बोलत नव्हतं.

चीर त्यानेच द्यावी असं मला वाटत होतं. मी सांगायच्या आत त्याने सुरी मागितली. आधी सांध्यावर आडव्या पेन्सिलच्या खुणा मारल्या, मग स्टीलची पट्टी धरून स्पारच्या, म्हणजे पंखातल्या मुख्य लांब दांड्याच्या, कडेने खालची फळी मुळापासून शेंड्यापर्यंत सोडवली. हात एकदाही अडखळला नाही. पाचर उखडून जाड टोक शेंड्याखाली चिकटवलं, पंख वर ठेवून पिना मारल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटा ठेवल्या. पंख निमूट बसला. चिरेच्या दोन्ही बाजूंच्या खुणा केसभर एकमेकींपासून सरकल्या होत्या. सगळा पीळ तेवढ्या केसभर अंतरात कोंडलेला होता. मी सगळ्यांना भिंग देऊन ते दाखवलं. पुस्तकातली टॉर्शनची, म्हणजे पिळाची, आकृती इतकी उघड मी स्वतःही कधी पाहिली नव्हती. मग त्याच जागी फळी फेव्हिकॉलने परत बंद केली. रात्रीचे साडेदहा झाले होते.

सोमवारी विटा काढल्या. मुळाशी 2, शेंड्याला 0.8.

पुढच्या शनिवारी वारा पडलेला होता. कबने चाळीस पावलांतच जमीन सोडली. विमान सरळ राहावं म्हणून ट्रिमच्या बटणाचे दोन टिचके एलेरॉनला लागले, बाकी काही नाही. चांगल्या उंचीवर नेऊन मी ट्रान्समीटर दोन्ही हातांत घट्ट धरला, थ्रॉटल पूर्ण खाली घेतला आणि नाक वर उचलणारा शेपटीचा एलेव्हेटर हळूहळू ओढत राहिलो. विमान जवळजवळ थांबलं. तो मुलगा माझ्या खांद्याशी उभा होता, नजर उजव्या शेंड्यावर.

नाक खाली गेलं. सरळ.

"सर, परत एकदा," तो म्हणाला.