काही सांगितलं नाही तर काळी चार

मावशीच्या लेखी माणसं दोन रंगांची असतात, पेटीवरच्या ज्या पट्टीला सा धरून गातात त्या रंगाची. ती स्वतः काळी चार, खालच्या मजल्यावरचे काका काळी एक, अधूनमधून येणारा भाचेजावई पांढरी दोन. सदाशिव पेठेतल्या तिच्या घरी रविवारी भावगीतांची तालीम असते. हार्मोनियमला कागद लागत नाही, पण व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, लागतं. ते छापायचं काम माझ्याकडे.

मी लिलिपाँड वापरतो. दोघा डच मंडळींनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे स्वरलिपी छापायचं मोफत सॉफ्टवेअर. यात माउसने टिंबं ओढत बसायचं नाही, गाणं अक्षरांत टाइप करायचं; शार्पला (अर्धा स्वर वर) 'इस', फ्लॅटला (अर्धा स्वर खाली) 'एस'. मी सगळी गाणी पांढरी एकमध्ये लिहून ठेवतो आणि गाणारा बदलला की फाइल उघडून पट्टी बदलतो. म्हणजे बदलायचो. एकदा काकांची पट्टी तशीच राहिली आणि मावशीच्या नावाचा कागद काळी एकमध्ये निघाला. त्या दिवशी चहाची आठवण मला करून द्यावी लागली.

मग ठरवलं, पट्टी फाइलमध्ये नकोच, कमांड देतानाच सांगायची. लिलिपाँडला 'डॅश ई' हा ऑप्शन आहे. गाण्याची फाइल वाचायला घेण्याआधी तो स्कीम या प्रोग्रामिंग भाषेतली एक ओळ ऐकून घेतो. त्यावर छोटी स्क्रिप्ट चढवली. आता नुसतं 'काळी४' लिहिलं की झालं.

झालं कुठलं! काळी चारला पाश्चात्त्य नावं दोन; मग ती जी शार्प की ए फ्लॅट? बिलावल थाटातलं, म्हणजे सगळे शुद्ध स्वर असलेलं गाणं 'गिस'वर (जी शार्पवर) नेलं तर आठ शार्प होतात, म्हणजे एकाच स्वराला दोनदा चढवणारा एक डबल शार्पही आलाच. तेच ए फ्लॅटवर नेलं तर चार फ्लॅटमध्ये भागतं. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक, सांगाल ते छापतं. 'गिस'चा कागद पाहून व्हायोलिनवाली काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मावशीला हा घोळ समजावू लागलो, तर तिने पेटी पुढे सरकवली. "कुठे आहे फरक? बोट ठेवून दाखव."

बोट एकाच पट्टीवर पडत होतं. मी गुपचूप ए फ्लॅट केलं.

राहता राहिला डिफॉल्ट. "मावशी, पट्टी सांगितलीच नाही तर काय धरायचं?"

"अरे, गायला बसलेला माणूस आधी पट्टीच सांगतो."

"पण विसरलाच तर?"

"मग माझी धर."

धरली. काकांना अजून सांगितलेलं नाही.