कोकणातल्या पावसाळ्यात भैरूचं पोट साफ झालं त्याची गोष्ट

भैरू म्हणजे आमचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा. ही जात मूळची ऑस्ट्रेलियातल्या रखरखीत, तापलेल्या मुलखातली. मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी गेला आणि ऐन जुलैत टाकीसकट भैरू रत्नागिरीत आमच्या घरी आला. तळाला वाळू होती, वर साधा पिवळा बल्ब. भैरू किड्यांकडे बघतही नव्हता, पोट टणक लागत होतं, आणि मागचे पाय जड पडल्यासारखे ओढत होता. पाय ओढणं हे गंभीर लक्षण. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये.

इथले डॉक्टर गाई-बैल आणि कुत्री पाहणारे. त्यांनीच सरपटणारे प्राणी बघणाऱ्या कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थर्माकोलच्या खोक्यात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवून आंबा घाट चढलो. एक्स-रेमध्ये आतड्यात वाळू आणि साचलेली घट्ट शी दिसली. ऑपरेशनची वेळ आलेली नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलेलं मला आजही पाठ आहे. या प्राण्याला स्वतःची उष्णता नसते. बाहेरून ऊब मिळाली नाही तर पोटातलं अन्न तसंच पडून राहतं. शिवाय आतड्याचे स्नायू चालायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला डी-३ जीवनसत्त्व लागतं, आणि डी-३ बनायला उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण. खिडकीच्या काचेतून हे किरण येत नाहीत, म्हणून काचेआडचं ऊन कामाचं नाही.

डॉक्टरांनी सलाईन टोचलं. घरी रोज ३२-३५ अंशांच्या कोमट पाण्यात, खांद्यापर्यंत बुडेल इतक्याच, पंधरा-वीस मिनिटं बसवायचं आणि पोट हलक्या बोटांनी शेपटीच्या दिशेने चोळायचं. शेजारच्या काकू मायेनं म्हणाल्या, थोडं एरंडेल पाजा. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट बजावलं होतं की तोंडातून घातलेलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. त्याऐवजी उकडून कुस्करलेला लाल भोपळा चाटवत राहिलो.

खरी मेहनत टाकीवर झाली. वाळू काढून कडप्प्याची लादी बसवली. कडप्पा छान तापतो आणि पुसायलाही सोपा. जांभा वापरायचा मोह होतो, पण तो ओल धरतो. दिव्याखालच्या लादीचं तापमान टेम्परेचर गननं मोजून ४० अंशांच्या आसपास आणलं, दुसरं टोक २६-२८ वर ठेवलं. लांब यूव्हीबी ट्यूब लावली. ती पेटती दिसली तरी तिचे किरण हळूहळू कमी होतात, त्यामुळे ठरावीक काळाने बदलावीच लागते.

दमटपणा हा आपल्याकडचा मोठा शत्रू. या प्राण्याला ३० ते ४० टक्के बरी, आणि पावसाळ्यात आमच्या हायग्रोमीटरवर, म्हणजे दमटपणा मोजायच्या यंत्रावर, नव्वदीच्या घरातले आकडे. टाकीच्या खोलीची दारं बंद ठेवून हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर चालू केला, दिवा इन्व्हर्टरवर घेतला, कारण वादळात वीज गेली की पचनही थांबतं. रात्री मात्र दिवे बंद. आपल्याकडच्या रात्री त्याला पुरेशा उबदार असतात.

एका सकाळी कोमट पाण्यातच त्याची शी झाली, वाळूसकट. मला रडू आलं. पुढे शी ताजी असताना तपासायला दिली, कारण कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) किंवा जंत असतील तर नुसत्या उबेने भागत नाही. पाय सावरायला वेळ लागला, पण सावरले.

आता जेवणात शेवग्याचा पाला, किसलेला भोपळा, जास्वंदीची फुलं. पालक आणि माठ टाळतो, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा द्यायचा नाही. बागेतले किडे तर अजिबात नाहीत, आंब्यावर फवारणी झालेली असते. आणि कोकणातल्या सगळ्यांना कळकळीची विनंती: पावसाच्या तोंडावर काजवे उडतात तेव्हा खिडकीला जाळी लावा. एक काजवा पोटात गेला तरी बिअर्डेड ड्रॅगन दगावू शकतो.