परत गेम सेव्हन, परत तेच

काल रविवारी रात्री शेजारच्या गोऱ्या आजोबांकडे बसून आइस हॉकी प्लेऑफची लीफ्स (टोरांटोची टीम) विरुद्ध फ्लोरिडा ही सिरीजची सातवी, शेवटची मॅच बघितली, अजून डोकं ठणकतंय. ६-१ ने हरलो! तेही टोरांटोत, आपल्याच घरात! सिरीजमध्ये २-० पुढे होतो हो आपण. पाचवी मॅचपण अशीच ६-१ ने घालवली तेव्हाच मला शंका आली होती पण गप्प बसलो, आजोबांनी लीफ्सने जिंकलेला १९६७ चा स्टॅनली कप (लीगची ट्रॉफी) शाळेत असताना बघितलाय, त्यानंतर एकही नाही, त्यांच्यापुढे मी काय बोलणार. तीनपैकी दुसऱ्या पिरियडमध्ये तीन गोल खाल्ले, तिसऱ्यात डोमीने एक मारला म्हणून मी उड्या मारत उठलो तर नीट खाली बसेपर्यंत त्यांचा चौथा आला पण. लोकांनी जर्सी काढून बर्फावर फेकल्या. आजोबा रेफरीवर घसरले, आपला कोच ऑफसाइडचं (चकतीच्या आधी खेळाडू आत घुसल्याचं) चॅलेंज का घेत नाही म्हणे, अहो चुकलं तर दोन मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं, आणि पाच गोलांच्या फरकाला रेफरी काय करणार. कोच बरूबीला मात्र मी आत्ताच नावं ठेवणार नाही, २०२४-२५ हा त्याचा इथला पहिलाच सीझन होता, आणि २०१९ ला सेंट लुईसला कप मिळवून दिलाय त्याने. खरा राग पॉवर प्लेचा (समोरचा एक माणूस कमी असतो तेव्हाचा खेळ), पास देत बसतात नुसते, मारा की रे!

निघताना आजोबा जर्सीची घडी घालत म्हणाले, ऑक्टोबरमध्ये नवीन सीझनला येशील ना. हो म्हटलं, काय करणार 😅